चहानंतरच्या मर्यादा

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या मराठी मंडळाचे पुरुषोत्तमकाका राजवाडे अकरा वर्षं अध्यक्ष आहेत. दर एप्रिलमध्ये ते म्हणतात, आता नव्या पिढीने पुढे यावं. आणि नव्या पिढीतलं कुणी पुढे आलंच, तर त्याला खुर्च्या मांडायला पाठवतात. मी देविका, मंडळाची सेक्रेटरी. नागपूरहून वर्क व्हिसावर आले, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मीटिंगचे मिनिट्स लिहिण्याचा मान काकांनी मला दिला, कारण मिनिट्स वाचत कुणीच नाही.

फेब्रुवारीत आम्ही ऋजुताचं भाषण ठेवलं. ऋजुता इथेच जन्मलेली, बोलताना तिचं लिंग-वचन अधूनमधून घसरतं. एका शाळेत ए-लेव्हलला, म्हणजे अकरावी-बारावीला, पॉलिटिक्स शिकवते, आणि दर शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत आमच्या दहा-पंधरा वर्षांच्या एकोणीस मुलांना मराठी. भाषणाचा विषय होता, अमेरिकेच्या अध्यक्षाचे अधिकार आणि मर्यादा. तिने सोयीसाठी दोन भाग केले: चहाआधी अधिकार, चहानंतर मर्यादा.

काका पहिल्या रांगेत वही घेऊन बसले. अध्यक्ष सैन्याचा सरसेनापती असतो, काकांनी लिहिलं. विधेयकावर व्हेटो वापरतो, लिहिलं. आदेश काढतो, गुन्हेगारांना माफी देतो. इथे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं.

चहाच्या वेळी शेजारचा माणूस आला. कुणाची तरी गाडी त्याच्या गेटसमोर लागली होती. ती काकांचीच होती. काका बाहेर गेले आणि गाडी हलवण्याऐवजी चाळीस मिनिटं त्याला पार्किंगचे नियम समजावत बसले. परत आले तेव्हा खुर्च्या उचलणं चालू होतं.

"मर्यादा कशा झाल्या?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही नव्हतात, त्यामुळे निवांत झाल्या," रेखाकाकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: अध्यक्षीय आदेश क्रमांक एक. यापुढे अध्यक्षांची खुर्ची हाताची असेल. दुपारी क्रमांक दोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमात माईक हिसकावून सलग सात गाणी म्हटल्याबद्दल ज्याला गायला बंदी होती, त्या मिलिंदला पूर्ण माफी. मिलिंद काकांचा भाचा आहे, हा केवळ योगायोग. या दोन्हींवर लोकांनी अंगठे टाकले. संध्याकाळी क्रमांक तीन आला: शनिवारचा मराठी वर्ग बंद. मागच्या खोलीत अध्यक्षांचं कार्यालय होईल.

ऋजुताचा फोन आला. "देविका, माझा क्लासचा काय चुकला?"

"क्लासचं काही चुकलं नाही. तू मर्यादा चहाआधी घ्यायला हव्या होत्यास."

कमिटीची मीटिंग लागली. काका धरून आम्ही नऊ जण; ऋजुताला खास बोलावून घेतलं. परीक्षितने ठराव मांडला, वर्ग चालू राहावा. पाच हात वर गेले. विरोधात तीन: काका, माफी मिळालेला मिलिंद, आणि राज, ज्याला घरी काकांच्याच गाडीतून जायचं होतं. रेखाकाकू तटस्थ राहिल्या. ठराव पास झाला.

काका उभे राहिले. "मी यावर व्हेटो वापरतो."

सगळे ऋजुताकडे बघायला लागले. ती अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाली, "काका, व्हेटो असतो. पण काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तेच बिल परत पास केलं, तर अध्यक्षाचं काही चालत नाही."

"हे कधी सांगितलंस?"

"चहानंतर."

"अमेरिकेचा अध्यक्ष जगातला सगळ्यात ताकदवान माणूस असतो," काका म्हणाले.

"बाहेर जास्त. घरात खर्चाला मंजुरी काँग्रेस देते. त्याच्या आदेशाला घटनेचा किंवा कायद्याचा आधार नसेल, तर कोर्ट तो रद्द करू शकतं. माफीसुद्धा फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना. मिलिंददादाचा गुन्हा फार तर स्टेट लेव्हलचा आहे. आणि दोनदा निवडून आल्यावर तिसऱ्यांदा निवडूनच येता येत नाही."

खोलीत कुणीतरी खोकलं.

"ते शेवटचं आपल्याला लागू नाही," काका म्हणाले.

"मग व्हेटो कसा लागू?" परीक्षितने विचारलं.

"दुसऱ्यांकडून चांगलं तेवढं घ्यावं."

परत मतदान घेतलं. नऊचे दोन-तृतीयांश म्हणजे सहा. पाच हात वर आले आणि तिथेच थांबले. काकांनी हाताच्या खुर्चीत पाठ टेकली. रेखाकाकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"अहो, कुश फोनवर तुमच्याशी तीन वाक्यं मराठीत बोलतो," त्या म्हणाल्या. कुश हा त्यांचा नातू, दहा वर्षांचा. "चुकीची बोलतो, पण बोलतो. ती त्या खोलीतून आली आहेत. तिथे तुम्हाला टेबल ठेवायचंय." आणि त्यांनी हात वर केला.

सहा झाले, वर्ग वाचला. परतताना राजबरोबर मीही काका-काकूंच्याच गाडीत होते, त्यामुळे पुढचं मला ऐकावं लागलं. काका समोर बघत रेखाकाकूंना म्हणाले, "तू माझ्याविरुद्ध मत दिलंस."

"अध्यक्षांविरुद्ध दिलं. तुमच्यासाठी भरली वांगी केली आहेत."

एप्रिलच्या वार्षिक सभेसाठी काकांनी मला अहवाल सांगितला. "लिही. अध्यक्षांनी वैयक्तिक लक्ष घालून मराठी वर्ग वाचवला."

"कुणापासून वाचवला, ते लिहू?"

काकांनी विचार केला. "परिस्थितीपासून."

लिहिलं. सभेत टाळ्याही पडल्या. मग काका म्हणाले, ऋजुताने माझे डोळे उघडले, अध्यक्षपदाला मर्यादा हवीच. त्यांनी स्वतःच ठराव मांडला: अमेरिकेप्रमाणे चार-चार वर्षांच्या जास्तीत जास्त दोन टर्म, मोजणी आजपासून. एवढा मोठेपणा पाहून लोक भारावले. ठराव एकमताने पास झाला आणि पहिली टर्म काकांना बिनविरोध मिळाली.

घरी मिनिट्स टाइप करताना माझ्या लक्षात आलं. आमची निवडणूक आजवर दर वर्षी व्हायची. दर एप्रिलला काकांना निदान एकदा तरी लोकांसमोर उभं राहावं लागायचं. आता मर्यादा घालून घेतल्यामुळे चार वर्षं तर पक्की झाली होती, आणि पुढची चार दाराशी उभी होती.

मी ऋजुताला फोन केला. हिशोब सांगितला.

"आठ वर्षं?" ती म्हणाली. "ठीक आहे. तोपर्यंत माझे सगळे मुलं अठरा वर्षांचे होतात, मत देणारे."