छकुलीचा स्पंज

ऐका ना, मध्ये बोलू नका कोणी, नाहीतर माझा धागा तुटतो. माझी मावसबहीण माहितीये ना, आमच्या खालच्या मजल्यावर राहते ती? वय वर्षं सव्वीस, बँकेत नोकरी, आणि अजून सगळ्यांची छकुली! मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मला कोणी कधी छकुली म्हटलं नाही. मला आई म्हणते, "अगं ए, गॅस बंद कर."

तर या छकुलीने घरात माशांची टाकी ठेवली. दोन फूट लांब, आत हिरवीगार झाडं, निळ्या-लाल पट्ट्याचे आठ इवले मासे, आणि पाणी असं की टाकीत पाणी आहे की नाही ते हात घालून बघावं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर काचा पुसते, मला नितळ म्हणजे काय ते कळतं. ती टाकी नितळ होती. मला बघूनच जळायला लागलं.

तेही चाललं असतं हो. पण माझी आई! रोज संध्याकाळी चहाचा कप आणि आपलं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन ही बाई खाली जायची आणि तासभर त्या टाकीसमोर बसायची. पुढे पुढे तर स्टूल तिथेच ठेवून यायला लागली. मी कामावरून यायचे तर घराला कुलूप. वर आली की सुरू, "छकुलीचे मासे आज काय छान खेळत होते गं. छकुलीला सगळं कसं जमतं." मी दुकानातल्या गमती सांगायला तोंड उघडावं तर हिचं लक्ष मनातल्या माशांवर. आठ महिने! आठ महिने माझी आई आठ माशांनी पळवली होती.

मग मीही टाकी आणली. तीच लांबी, तीच झाडं. पाणी गाळायला काचेला अडकवायचा डबा असतो ना, ज्यातल्या स्पंजातून पाणी फिरत राहतं, तोसुद्धा तिच्याकडे आहे तोच, त्याच मापाचा. जळतानाही मला स्वतःचं काही सुचलं नाही, बघा.

मासेवाले काका म्हणाले, "टाकी ने, झाडं ने, मासे आत्ता नाही द्यायचा मी."

"का? माझे पैसे खोटे आहेत का?"

"पैसे खरे आहेत, पाणी कच्चं आहे. महिना-दीड महिना नुसतं चालू ठेव. रोज चिमूटभर खाणं टाक."

"मासेच नाहीत तर खाणं कोण खाणार?"

"कुजू दे की. कुजलं की अमोनिया होतो, ते माशांचं विष. मग ते विष खाणारे बारीक जीव तयार होतात. ते मुरले की ये."

घ्या! छकुलीकडे मासे आणि मी कुजकं खाणं सांभाळत बसले. चौथ्या दिवशी तर माझं पाणी पांढरट झालं. आई माझ्या खोलीत डोकावली. "हे काय गं, दूध तापत ठेवलंयस?" आणि हसत हसत गेली खाली. त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण रागाने.

पण मी चिकाटी सोडली नाही. काकांनी दिलेले थेंब बाटलीतल्या पाण्यात टाकून रोज रंग बघायचे. हिरवा आला की विष आहे, पिवळा आला की नाही. पाच आठवडे हिरवा, हिरवा, हिरवा, आणि एका बुधवारी पिवळा! मी नाचले. काकांनी माझ्यासाठी सहा मासे वेगळे काढून ठेवले, रविवारी न्यायचे ठरलं.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मावशीकडचे सगळे बाहेरगावी निघाले. छकुलीने किल्ली माझ्या हातात दिली. "तू आहेस म्हणून निर्धास्त जाते बघ. दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, बाकी कशाला हात लावू नकोस हं."

'हात लावू नकोस' म्हणे. मला! तिच्याच मापाची टाकी माझ्याकडे असताना!

गुरुवारी संध्याकाळी मी आणि आई खाली गेलो. आई स्टुलावर बसली, मी खाणं टाकलं, आणि सहज, अगदी सहज, त्या डब्याचं झाकण उघडलं. आत स्पंज बघितला आणि काय सांगू, माझ्या आत दिवाळखोराला लॉटरी लागावी तसं झालं! काळाकुट्ट, बुळबुळीत, गाळाने भरलेला. वरून नितळ आणि आत हे? मी तो उचलला आणि थेट बेसिनपाशी. कडक गरम पाणी सोडलं आणि पिळ पिळ पिळला. बेसिनभर काळं पाणी.

"आई, इकडे ये! बघ तुझ्या छकुलीची स्वच्छता!"

आई आली, बघितलं, म्हणाली, "अगंबाई! एवढा मळ?"

बस्स. हे एक वाक्य ऐकायला मी आठ महिने थांबले होते. चष्म्याची काच घासावी तसा मी तो स्पंज घासला, अगदी पांढरा होईपर्यंत, आणि परत बसवला. जिना चढताना मी गुणगुणत होते.

शुक्रवारी मासे ठीक होते. शनिवारी सकाळी खाणं टाकायला गेले तर आठच्या आठ पाण्याच्या वर तोंडं काढून आ-आ करत होते. खाण्याकडे ढुंकूनही बघेनात. धावत वर जाऊन थेंब आणले. रंग हिरवा. साधा हिरवा नाही, गडद.

दुकानात फोन करून सांगितलं पोट दुखतंय, ते खोटं नव्हतंच, आणि पळत काकांकडे, छकुलीचे मासे कसे करतायत ते सांगायला.

"डब्यातला स्पंज धुतलास का?" त्यांचा पहिला प्रश्न.

"खूप मळ होता हो त्यात."

"अगं पोरी! विष खाणारे जीव राहतात कुठे? त्या मळातच! धुवायचाच तर टाकीतल्याच पाण्यात हलकेच हलवून काढायचा. तू गरम पाण्याने सगळं गावच उठवलंस."

"मग आता?"

"अर्धं पाणी बदल, पण नळाच्या पाण्यात आधी हे क्लोरीन काढायचं औषध घाल. त्याने दिवस निघेल. पुढे मुरलेला स्पंज पाहिजे, त्याच मापाचा. कोणाकडे असेल तर..."

काका बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडे बघायला लागले.

"अर्धा कापून दिला तर चालेल?" मी विचारलं.

"आठ माशांना अर्धा पुरायचा नाही. आणि उरलेल्या अर्ध्यावर तुझे सहा? नाही गं."

घरी येताना मी रस्ताभर स्वतःशी भांडले. पाच आठवडे कुजकं खाणं मी सांभाळलं! उद्या माझे मासे यायचे होते! आणि कोणाला द्यायचं, तर छकुलीला? पण डोळ्यांपुढून ती आठ तोंडं हलेनात. आ. आ. आ.

वर जाऊन मी माझा डबा उघडला. माझा स्पंज मस्त तपकिरी झाला होता, बुळबुळीत. त्याच्यापेक्षा सुंदर वस्तू मी त्या दिवशी बघितली नसेल. टाकीतल्याच पाण्याच्या वाडग्यात घालून खाली नेला. आई जिन्यात भेटली. वाडग्यात बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बादली धरायला मागून आली. अर्धं पाणी बदललं, माझा स्पंज तिच्या डब्यात बसवला, तिचा पांढराशुभ्र माझ्या डब्यात गेला. रविवारी सकाळी मासे पुन्हा मध्यभागी पोहत होते. माझे सहा काकांनी दुसऱ्या कोणाला तरी दिले.

सोमवारी छकुली आली, सगळ्यांसमोर डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "शहाणी गं माझी! मला वाटत होतं तू नक्की धुवून टाकशील."

मला गप्प बसता आलं असतं. आई चहा पीत कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती.

"धुतलाच होता," मी म्हणाले. "मुद्दाम. तुझा मळ आईला दाखवायला. हा माझा आहे."

मावशी म्हणाली, "काय बाई पोरगी!" आणि छकुली? डोळे भरले तिचे, आणि मग आली आणि मला घट्ट मिठी मारली. बघा! माफ करण्यातसुद्धा पहिला नंबर तिचाच! मिठीत असतानाही मला जळत होतं, आईशपथ.

पण थांबा, गोष्ट संपली नाही. मंगळवारी कामावरून आले तर घराला कुलूप नाही. माझ्या खोलीत दिवा. आत बघते तर आई, चहा, आणि ते प्लॅस्टिकचं स्टूल, माझ्या टाकीसमोर.

"आई, यात मासे नाहीयेत."

"दिसतंय मला, आंधळी नाही मी."

"मग काय बघतेयस?"

"तो काय रंग बघायचीस तू रोज? हिरवा की पिवळा? आज कोणता आला ते बघ की. आणि बस जरा. दुकानात आज कोण आलं होतं?"

मी बसले. एक गिऱ्हाईक चष्मा डोक्यावर ठेवून हरवला म्हणून शोधायला आलं होतं, ते सांगितलं. आई हसली, चहा सांडेपर्यंत हसली. तेवढ्यात दारात छकुली.

"मावशी, आज खाली आली नाहीस ती? मी वाट बघत होते."

"येईन गं एखादे दिवशी," आई म्हणाली. टाकीवरची नजर न काढता.

छकुली तिथेच उभी राहिली. एकदा आईकडे, एकदा स्टुलाकडे, एकदा माझ्या बिनमाशांच्या टाकीकडे. तो चेहरा मी लगेच ओळखला. आठ महिने रोज आरशात बघितला होता ना मी.