नऊ सेकंदांची तार

ज्यावर जावईबापूंचं मत नाही असा सिनेमा अजून निघायचा होता. रविवारी दुपारी आईच्या घरी जेवायला बसलं की पहिल्या घासापासून ते सुरू व्हायचे. त्या देवमाशाच्या कार्टूनमध्ये रडारडच फार. उडणाऱ्या पोलादी बाईचा तिसरा भाग म्हणजे नुसता पोरखेळ, पहिल्यात दम होता. घरचे जावई पडले, त्यामुळे आई मान डोलवायची आणि धाकटी, म्हणजे त्यांची बायको, मुकाट्याने वाढत राहायची. थोरलीही एरवी ऐकून घ्यायची. आज मात्र तिला ते ऐकवत नव्हतं.

शुक्रवारी तिची नोकरी गेली होती, आणि हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिचं काम तारा पुसण्याचं. पोलादी बाई पुलावरून झेप घेते तेव्हा ती खरं तर चार तारांना लटकलेली असते. त्या तारा एकेका चित्रातून काढायच्या आणि त्यामागचा पाऊस, आकाश, बाईचे केस पुन्हा जागच्या जागी बसवायचे. एका सेकंदाला चोवीस चित्रं, आणि पुलावरची झेप नऊ सेकंदांची. तिने त्यात सोळा दिवस घातले होते. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले, पण एक तार म्हणून राहू दिली नाही.

सिनेमा लागला त्याच आठवड्यात कुणीतरी एक चित्र सगळीकडे पसरवलं. पोलादी बाईच्या पाठीला ठळक तार, तारेभोवती लाल गोल आणि खाली लिहिलेलं, ‘एवढे कोटी ओतून साधी तार लपवता येत नाही?’ हजारो लोक हसले. चित्र ट्रेलरमधलं होतं. ट्रेलर निघाला तेव्हा हे काम तिच्या हातात आलंसुद्धा नव्हतं. तिच्या साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, वरून विचारणा आली, कुणाचं तरी नाव द्यावं लागलं. पुढच्या सिनेमावर काम करणाऱ्यांची यादी सोमवारी वर जाणार होती, आणि त्यात थोरलीचं नाव नव्हतं.

“आणि ही तार बघितली का?” जावईबापूंनी फोन टेबलावर सरकवला. “पन्नास हजार लोकांनी बघितलं. माझंच आहे हे.”

तोच लाल गोल. वर टोपणनाव, ‘सडेतोड’. दोन दिवस ती या सडेतोडला मनातल्या मनात शिव्या घालत होती. असेल कुणी रिकामटेकडं कार्टं, असं ती धरून चालली होती.

“सिनेमा कसा वाटला?” तिने विचारलं.

“बघायला वेळ कुणाला आहे? ट्रेलरमध्येच कळलं काय ते.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“जावईबापू, तुमच्या या गोलापायी माझी नोकरी गेली.”

धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला. जावईबापू म्हणाले, गंमत होती हो, तुमचं काम हे असतं हे मला कुठे माहीत? तेही खरंच होतं. ताई कॉम्प्युटरवर कायसंसं करते, यापलीकडे लग्नाला अकरा वर्षं होऊनही त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. आईने जरा सबुरीने घे म्हणून खुणावलं, तशी ती आईवरही उखडली. मग तिने जावईबापूंना हात धुवायला लावले. चार वाजताचा खेळ होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग दिसेल ते लिहा, म्हणजे उद्या साहेबांच्या तोंडावर मारायला माझ्याकडे काहीतरी असेल, असं तिने बजावलं.

थिएटरात जावईबापू पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन, पुढे वाकून, अगदी इमानदारीने बघत होते. पूल आला, पाऊस आला, पोलादी बाईने झेप घेतली. ते नऊ सेकंद थोरलीने मनातल्या मनात मोजले. पुढे मारामारी सुरू झाली. दहाएक मिनिटांनी जावईबापू तिच्याकडे झुकले.

“ताई, ती पुलावरची उडी कधी आहे?”

“होऊन गेली.”

“हो? तार वगैरे मला काहीच दिसलं नाही.”

तिच्या कामात याहून मोठी शाबासकी नव्हती, आणि ती द्यायला नेमका हा माणूस सापडला होता. तो पॉपकॉर्नचा डबा त्यांच्या डोक्यावर उपडा करावा, असं तिला फार वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर तिने त्यांना फोन काढायला लावला आणि त्यांच्या डोक्याशी उभी राहिली. त्यांनी लिहिलं, ‘सिनेमा पूर्ण बघितला. तार कुठेही दिसत नाही. ते चित्र ट्रेलरमधलं होतं, चूक माझी.’ त्यांनी जराही खळखळ केली नाही. दोघं पंधरा मिनिटं पायऱ्यांवर थांबली. तेवढ्यात चार जणांनी ते बघितलं, त्यातली एक धाकटी.

जावईबापूंनी फोन खिशात टाकला आणि अगदी मनापासून म्हणाले, “तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं, ताई. पण हे कोण वाचणार?”

आजवरच्या त्यांच्या सगळ्या मतांमध्ये हे एकच मत त्यांनी नीट बघून, विचार करून दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.