उशीपर्यंतचं माप

पोटच्या सुजयला लाज म्हणून उरली नाही, हे इंदुमतीबाईंनी सकाळीच ओळखलं. राजधानीच्या द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या खोलीत शिरून त्याने टेप काढली आणि समोरच्या भिंतीपासून थेट बापाच्या उशीपर्यंत ताणली.

"दस फुट, भैया," तो फोनवर दुकानदाराला म्हणाला. "पचासी इंच का टीवी चलेगा ना? सोफा यहीं आएगा. बेड तो महीने भर में हट जाएगा."

अंबादासरावांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी उशीवर ओघळलं. इंदुमतीबाईंनी ते पदराने टिपलं आणि टेप हिसकावून घेतली.

"जित्या बापाच्या मरणाचं माप घेतलंस, सुजय. आता टीव्ही भिंतीएवढा आण, पण मी मेले तर खांदा द्यायला येऊ नकोस."