आबांच्या दारातला आपटा

शाळेच्या प्रदर्शनासाठी राजेश्वरीनं संगणकाच्या स्पर्शपडद्यावर आपटा उभा केला होता, आणि असलं झाड अख्ख्या साताऱ्यात दुसरं नव्हतं! बोट फिरवलं की गर्रकन वळायचं. पानाला हात लावला की पान मोठं होऊन शिरा दाखवायचं. खालची पट्टी सरकवली की ऋतू बदलायचे. त्यासाठी तिनं वर्षभर दारातल्या झाडाचे फोटो काढले होते. ते झाड तिच्या आबांनी, पलटणीतनं सुटीवर आले असताना, स्वतः लावलेलं. दर दसऱ्याला सगळी गल्ली त्याचंच सोनं लुटायची आणि आबा मिशीला पीळ देत बघायचे. आज ते जुन्या दोस्तांना घेऊन प्रदर्शनात येणार होते, 'माझा आपटा' दाखवायला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची प्रियंका आली. "राजे, मामानं म्हसवडवरनं आपट्याची फांदी धाडलीय, बघ."

तिनं फांदी पडद्याला लावून धरली. पानं बारकी, जाडसर. पडद्यावरचं पान मात्र खऱ्या मापातही तळहाताएवढं! राजेश्वरीनं घाईनं पट्टी सरकवली, तर शेंड्याला मोठाली गुलाबी फुलं उमलली.

"आपट्याचं फूल बारकं, पांढरट असतं गं," प्रियंका हळूच म्हणाली. "हा तर कांचन हाय."

राजेश्वरीचं बोट बटणाकडं गेलं. फुलं पुसायला एक बटण पुरे होतं. पण मग आलेल्या माणसांनी शिकायचं काय, चुकीचं झाड? आणि आबा तर प्रदर्शनाच्या दारात दिसलेसुद्धा.

तिनं छाती भरून श्वास घेतला. "आबा, आधी ऐका. आपला आपटा न्हाई. कांचन हाय."

सगळी दोस्तमंडळी खो खो हसली. "नानासो," भाऊसो तात्यांनी आबांना टोमणा मारला, "मग आमास्नी इतकी वर्सं काय वाटलंस रं?"

आबा पडद्याशी गेले. पट्टी पुढं सरकव, मागं सरकव, फुलं येतायत-जातायत. मग म्हणाले, "राजे, फुलं शेंड्यालाच का गं?"

"तिथवर आपला हात पोचत न्हाई, आबा. खालच्या फांद्या आपण दसऱ्याला ओरबाडतो."

"व्हय की." आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "भाऊसो, यंदा सोनं न्हाई. फुलं बघायला ये. आन् आता पडद्याला बोट लाव की गड्या, चावत न्हाई त्ये!"

तात्यांनी भीत भीत बोट लावलं. झाड वळलं. राजेश्वरीनं वरचं 'आपटा' हे नाव खोडून 'कांचन' लिहिलं आणि प्रियंकाची फांदी मागून घेऊन खरा आपटा म्हणून शेजारी ठेवली.