अडीअडचणीचे डबे

पार्सलवाली जिन्याच्या खालूनच हाक मारायची, "फिटरकाका, दार उघडून ठेवा, आज कंबर मोडणार माझी!"

आणि फिटरकाका दारात उभेच असायचे. खोकं हातात घेऊन आधी चारही कोपरे बघायचे, मग कानाशी नेऊन हलवायचे, आणि मगच "ठीक आहे" म्हणायचे. एकदा वाटाण्याच्या डब्याला नखाएवढा पोचा आला होता, तर त्यांनी तो तिच्याच हाती परत पाठवला. वर दुकानाला लिहिलं, 'पोचा आलेला डबा टिकत नाही, एवढंही कळत नाही का?'

"आता कुठे युद्ध लागलंय काका?" तिने विचारलं.

"युद्धाला कोण भितंय? मी रिकाम्या फडताळाला भितो."

यात थट्टा नव्हती. बायको रुग्णालयात होती तेव्हा एका संध्याकाळी काका भुकेने कळवळत घरी आले आणि त्यांनी फडताळ उघडलं. आत मिठाची बरणी आणि एक सुकलेलं लिंबू. घरातलं मीठ संपतं, कोणीतरी ते आणतं, तेव्हा ते पुन्हा बरणीत दिसतं, हे त्यांना संसारात कधी कळलंच नव्हतं. ती गेली. दिवस सरले. पण ते फडताळ काही डोळ्यांपुढून हलेना.

मग ते मोबाइलवर खरेदी शिकले. कारखान्यात सुट्या भागांची निवड करावी तशी. एकच वस्तू तीन दुकानांत बघायची, किलोमागे भाव काढायचा, मुदत सगळ्यात लांबची कोणाची ते पाहायचं. चांगले अभिप्राय वाचायचेच नाहीत, वाईट तेवढे वाचायचे. सेल लागेपर्यंत दम धरायचा. असं करत तांदूळ, डाळी, ओट्स, दूध पावडर, खारी बिस्किटं आणि डबाबंद वाटाणे, मका, घेवडा, मासे यांनी घर भरलं. फडताळ भरल्यावर पलंगाखाली, पलंगाखाली जागा संपल्यावर सोफ्यामागे. पाहुण्याला सोफ्यावर पाठ टेकायची सोय उरली नाही. पण पाहुणे येत होतेच कुठे?

आणि आता लेकीचा फोन आला होता. "बाबा, मी शनिवारी येतेय. मोठी बॅग रिकामी आणतेय. तुमचे कपडे भरायचे आणि तुम्हाला घेऊन जायचं. तुमची नुसती हाडं उरलीयत."

"मला काय धाड भरलीय?"

"तेच बघायला येतेय."

काकांना जायचं नव्हतं. लेकीचं घर चांगलं होतं, जावई तर लाखात एक. पण इथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून बायको चहा प्यायची. ती खिडकी काही उखडून नेता येणार नव्हती. लेकीने भरलेलं घर पाहिलं की तिची खात्री पटेल, असा त्यांनी हिशोब मांडला आणि डब्यांची आणखी दोन खोकी मागवली.

शनिवारी सकाळी ती लावायला बसले. टूलरूममध्ये त्यांचा नियम होता, नंबर मारल्याशिवाय वस्तू मांडणीवर चढणार नाही. डब्यावरची मुदत मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेली, ती त्यांना दिसायची नाही. म्हणून पहिल्या खोक्यापासून त्यांनी आपली जुनी नंबर पंचची पेटी काढली होती. भिंगाने मुदत एकदाच वाचून घ्यायची, पोलादी पंच झाकणावर उभा धरायचा, वर हातोडीचा एक नेमका ठोका. महिना आणि साल कायमचं उमटलं. आजचेही सगळे डबे ठोकून झाले. बोट फिरवलं तरी वाचता येईल असं काम. ते स्वतःवर खूश झाले.

दुपारी बॅगेची चाकं जिन्यावर खडखडली. लेक आली ती बॅग भिंतीला लावून थेट स्वयंपाकघरात. ती एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची व्यवस्था बघायची, त्यामुळे कोणाच्याही घरी गेली की आधी ओटा बघायची.

काकांनी फडताळाची दोन्ही दारं उघडली. "बघ. काही कमी आहे?"

"बाप रे! दुकान थाटलंत की," ती म्हणाली. "आज काय जेवलात?"

"पाव."

"काल?"

"पाव. चहाबरोबर."

"मग हे सगळं?"

"ते अडीअडचणीसाठी आहे. असं उठसूट फोडायचं नसतं."

लेक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोठार भरलेलं आणि कोठारी उपाशी! बाबा, अडचण म्हणजे नेमकी कशी दिसते? दारावर टकटक करून येते का?"

काका उत्तर जुळवत होते तेवढ्यात आतल्या खोलीतून 'फुस्स' असा आवाज आला. मग 'फट्'.

"मांजर असेल," काका म्हणाले.

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"नाही."

वास आधी आला. लेकीने नाकाला ओढणी लावली आणि पलंगाखालचं खोकं ओढलं. डब्यांची झाकणं पुऱ्या फुगाव्यात तशी वर आली होती. एक तर फुटून वाटाण्यांचा लगदा खोक्याला चिकटला होता. तिने टॉर्च लावला. फुगलेल्या प्रत्येक झाकणावर सुबक आकडे होते, आणि एका आकड्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं, लगद्याने बुजलेलं भोक.

"हे आकडे कोणी मारले?"

"मी. का? सरळ नाहीत?"

"बाबा, पोचा आला म्हणून तुम्ही डबा परत पाठवता आणि चांगल्या डब्यावर हातोडी मारता?"

काका पलंगावर बसले. पत्रा किती जाडीचा आणि ठोका किती जोराचा, हे आयुष्यभर ज्याने इतरांना शिकवलं, त्याला हे सुचलं नव्हतं. लोखंडाच्या ठोकळ्याला जो ठोका, तोच त्यांनी कागदासारख्या पत्र्याला दिला होता. सगळ्या डब्यांना.

"किती दिवस झाले यांना?"

"या पलंगाखालच्यांना दोन-तीन महिने. सोफ्यामागचे पण तेव्हाचेच. फडताळातले जुने सोफ्यामागे सरकवले, आता तिथे आहेत ते आज सकाळचे."

"जुने सगळे फेकायचे. न फुगलेलेसुद्धा. आणि आजचे आजच उघडायचे, खळखळून उकळायचे आणि संपवायचे. एकही उद्यावर जाणार नाही."

"आजच? सगळे?"

"सगळे."

काकांनी एक फुगलेलं झाकण बोटाने दाबून पाहिलं. मग बॅगेकडे बघून म्हणाले, "कपडे खालच्या कप्प्यात आहेत. भर."

"भरते मागाहून. आधी ओपनर द्या."

काकांनी खण उघडला. दुसरा उघडला. मान खाजवली. "ओपनर... मागवायचा राहिला."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. "एवढं सामान! आणि अडचण आली असती तर काय, डब्यांकडे बघून ढेकर देणार होतात?"

"छिन्नी आहे," काका चाचरत म्हणाले.

"हातोडीला हात लावाल तर बघा! वर जा, मास्तरीणबाईंकडे असेल."

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं दार काकांनी वर्षभरात वाजवलं नव्हतं. बाईंनी ओपनर काढला, पण हातात दिला नाही. "ओपनर येईल तिथे मीही येणार. तीन महिने तुमच्या घरातून ठोकाठोकी ऐकतेय, फोडणीचा वास एकदाही आला नाही. मला वाटलं, तुम्ही लोखंडच खाता."

त्या आपलं मोठं पातेलं घेऊन आल्या. डबे उघडणं काकांकडे. घेवडा, मका, वाटाणे पातेल्यात पडत गेले. लेकीने कांदा चिरला, वाफ वर आली, आणि खिडकीच्या काचेवर पुष्कळ दिवसांनी धुकं धरलं.

"ढवळा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खाली लागलं तर अंगठे धरायला लावीन."

काकांनी चव घेतली. "मिरी कमी आहे."

"अरे वा, जीभ शाबूत आहे म्हणायची!"

मिरी घातली. पुन्हा चव घेतली. मग ओट्यापाशी उभ्यानेच एक वाटी संपवली आणि दुसरी वाढून घेतली. लेक तिरक्या नजरेने बघत होती. तेवढ्यात खालून हाक आली, "काका, दार उघडा, कंबर!" पार्सलवालीला चपला काढायला लावून बसवलं. तिने आणलेलं खोकं काकांनी आज हलवून पाहिलं नाही.

पाठ टेकता यावी म्हणून सोफ्यामागचं सगळं काढून टाकलं होतं. चौघांनी पातेलं अर्ध्याच्या खाली नेलं. उरलेलं खालच्या मजल्यावर गेलं. काकांनी तिसरी वाटी पुसून खाल्ली, आणि मग आठवल्यासारखं आपल्या कपड्यांच्या कप्प्यात अगदी मागे जपून ठेवलेला एक डबा काढला. गोड पाकातले पीच. याच्यावर आकडे नव्हते.

"हा आईचा," लेक हळूच म्हणाली.

"रुग्णालयात जाताना हातात देऊन गेली. म्हणाली, मी परत आले की फोडू." काकांनी डबा दिव्याखाली धरला. "मुदत वाच बरं."

"याच महिन्याची आहे."

"मग फोडू या," काका म्हणाले आणि ओपनर लावला.

पीच चांगले निघाले. मास्तरीणबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "दर रविवारी," त्या म्हणाल्या, "सगळ्यात जुना माल काढायचा आणि मला बोलवायचं. संपेल तेवढा पुन्हा मागवा. नाहीतर मी तुमच्या दारावर हातोडी मारीन."

"अडचण नसताना?"

"मी काय कमी अडचण आहे?"

काकांनाच सगळ्यात आधी हसू फुटलं.

चहा झाल्यावर लेक उठली आणि तिने बॅग जमिनीवर उघडली. काका मुकाट्याने उठून शर्ट आणायला निघाले.

"कुठे चाललात? तांदूळ कुठेत ते सांगा."

"तांदूळ?"

"आणि दूध पावडर. माझ्या फडताळात काय आहे माहितीये? खाऊन उरलेली दोन बिस्किटं. सगळ्या रुग्णालयाला जेवू घालते आणि घरी तुमचा जावई पाव खातो." ती भराभर पाकिटं रचत होती. "तुम्ही इथेच राहा. पण दर रविवारी पातेल्याचा फोटो पाठवायचा. भरलेलं आणि मग रिकामं."

"खोटा फोटो पाठवला तर?"

"मास्तरीणबाई आहेत."

बॅगेची चेन लागेना. काकांनी गुडघ्याने दाबली तेव्हा आत काहीतरी कडक लागलं. लेकीने नंबर पंचची पेटी कपड्यात गुंडाळून तळाशी घातली होती. काकांना कळलं, तरी त्यांनी जोर लावून चेन ओढली.

लेकीची बस सुटल्यावर ते घरी आले, खिडकीशी बसले आणि मोबाइल काढला. ओपनर तीन दुकानांत बघितला. वाईट अभिप्राय सगळे वाचले. किती हवेत, असं दुकानाने विचारलं. त्यांनी दोन लिहिले, एक आपला, एक लेकीचा. मग आठवलं, मास्तरीणबाईंचा आज बोथट झाला होता. त्यांनी दोनाचे तीन केले आणि खाली काळ्या शाईचा एक मार्करही घातला.