बोळाच्या तोंडचा कठडा

मी एक जुना लोखंडी कठडा आहे. गर्दी अडवायला रस्त्यात आडवा उभा करतात ना, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, तोच मी. तुम्ही मला बॅरिकेड म्हणता. मित्रांनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी स्वभावाने भित्रा आहे. ज्याचे कामच हजारो माणसांसमोर छाती काढून उभे राहण्याचे, त्याने घाबरावे, याचे तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण माझी गोष्ट ऐकून झाल्यावर मला सांगा, मी उगाच घाबरतो का.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तो नळ्या कापून जोडायचा आणि त्याची बायको रंग द्यायची. दोघांची दिवसभर जुंपलेली असे, पण एकावाचून दुसऱ्याचे पान हलत नसे. माझ्या एका बाजूला त्याने आकडा बसवला आणि दुसऱ्या बाजूला कडी. शेजारच्या कठड्याचा आकडा माझ्या कडीत वरून सोडला की आम्ही हातात हात घालून उभे.

"अहो, पण हे सुटणार कसं?" बायकोने विचारले.

"सरळ वर उचलायचं. सुटतं."

"आणि समोरून माणसांचा रेटा असला तर?"

"मग आकडा कडीत आवळून बसतो. बैल जुंपलेस तरी निघायचा नाही. माणसांनी जरा मागे सरायचं, की निघाला."

"आणि नाही सरली तर?"

"न सरायला काय झालं? माणसं आहेत ती. सांगितलं की ऐकतात."

माझ्या अंगावर काळा पट्टा ओढताना तिचा ब्रश थोडा थांबला, एवढे मला आठवते. मी पहिल्यांदा घाबरलो तो तेव्हाच.

मग मी या समुद्रकाठच्या शहरात आलो. सुरुवातीची वर्षे बरी गेली. कधी खोदलेल्या रस्त्यापाशी, कधी सायकलींच्या शर्यतीत, कधी शाळेसमोर मला उभे करत. म्हातारी माणसे माझ्यावर रेलून दम खात. पोरे माझ्या गजांवरून काठी फिरवून खडखड आवाज काढत, तेव्हा मला गुदगुल्या होत. "हा कठडा बरा आहे, जागचा हलत नाही," असे एकदा एका पोलीस शिपायाने माझे कौतुक केले. मी आठवडाभर हवेत होतो. काम संपले की मला महापालिकेच्या गोदामामागे टाकून देत. तिथे ना कुणी पुसायचे ना विचारायचे. खाऱ्या वाऱ्याने माझा रंग सोलला, सांध्यांना गंज चढला. तरी मला तिथे सुरक्षित वाटायचे. भित्र्याला अडगळसुद्धा गोड लागते.

आणि मग गेल्या वर्षीची मोठी सुट्टी आली.

मित्रांनो, समुद्र बघायला आलेली माणसे मी खूप बघितली होती, पण तसा लोंढा कधी बघितला नव्हता. वाळूवर गाड्या घातल्या. गाड्यांच्या टपावर चढून नाच चालू झाला. बाटल्या फुटल्या, त्या काचांवर लहान मुलांचे पाय पडले. दुकानांची तावदाने फुटली, मारामाऱ्या झाल्या. दुसऱ्या संध्याकाळी काही तरुणांनी आमच्या रांगेतला एक कठडा उचलला आणि हो-हो करत समुद्रात फेकून दिला. त्याला आणि मला एकाच दिवशी रंग लागला होता. उचलणाऱ्यांत एक लाल टोपीवाला होता. त्याच्या हातांची पकड माझ्या नळीवरही बसली होती, पण तेवढ्यात शिट्टी वाजली आणि मी वाचलो. माझी पाचावर धारण बसली होती. रात्रभर लाटेबरोबर आपटणाऱ्या माझ्या सोबत्याचा ठणठण आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी महापौरबाईंनी तातडीचे उपाय जाहीर केले. बाटल्या बंद, गाणी बंद, गाड्या बंद. सूर्य मावळला की किनारा बंद. आणि किनाऱ्यावरून वर यायचे सगळे बोळ बंद, जाणे-येणे फक्त मोठ्या दरवाजाने. काहीतरी करायला हवेच होते, हे मीही कबूल करतो. पण दंगा करणारे मूठभर आणि कोंडले गेले सगळे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

मला आणि एका कोऱ्या कठड्याला एका अरुंद बोळाच्या तोंडाशी उभे केले. दोन्ही बाजूंना उंच हॉटेलांच्या भिंती. खाली वाळू, वर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बसथांबा. महापालिकेच्या मुकादमाने आमची बाहेरची टोके भिंतींतल्या आकड्यांना अडकवली. मधे आम्हा दोघांचा सांधा होता, त्यावर तारेचे वेढे दिले. पोरे उड्या मारून जातात म्हणून आम्हा दोघांच्या डोक्यावर धारदार कडेचा एकेक उंच पत्राही ठोकला. पहाऱ्याला एकच हवालदारताई होती.

"मुकादम, इथून लोक बाहेर कसे येणार?" तिने विचारले.

"इथून यायचंच नाही ना ताई. मोठ्या दरवाजाने जायचं. भोंग्यावर सांगणार आहेत."

"आणि आले तर?"

"तुमच्याकडे शिट्टी आहे की!"

ताईला हसू आले नाही. "ती पक्कड इथे ठेवून जा," ती म्हणाली. तो कुरकुरत ठेवून गेला.

सूर्य टेकला तसा भोंगा ओरडू लागला. किनारा रिकामा करा, ताबडतोब रिकामा करा. आता मला सांगा, वर्षानुवर्षे ज्या बोळातून बसथांब्याला जायची सवय, तो बोळ सोडून कोण लांबच्या दरवाजाला वळसा घालील? सगळ्यांत आधी एक बाई आली. कडेवर मुलगी, खांद्याला ओली पिशवी. मुलीला ती टिकली म्हणत होती. पिवळ्या झग्यातल्या टिकलीच्या तोंडाला वाळू लागलेली होती आणि ती पेंगुळली होती.

"ताई, इथून नाही का जाता येणार? बस समोरच उभी आहे हो," बाई म्हणाली.

"नाही हो. मागे फिरा, मोठ्या दरवाजाने जा."

बाई निमूटपणे मागे वळली. पण मागे माणसे आली होती. त्यांच्या मागे आणखी आली होती. आणि नेमके त्याच वेळी खाली वाळूवर कुणाच्या तरी हातगाडीचे टायर धाडकन फुटले.

टायरच होते ते. मला आवाज ओळखता येतो. पण आदल्या दोन दिवसांनी आधीच सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळवलेले. "पळा!" कुणीतरी ओरडले, आणि सगळी वाळू बोळात घुसली.

मित्रांनो, पुढचे सांगताना आजही माझे सांधे कुरकुरतात. रेटा माझ्यावर आदळला. मागून येणाऱ्यांना वाटत होते, पुढे रस्ता मोकळा आहे. पुढच्यांना मागे जाता येत नव्हते. बाईची पाठ आधी माझ्यावर आदळली, मग ती कशीबशी वळली आणि तिचा गाल माझ्या गजांवर दाबला गेला. टिकलीला तिने दोन्ही हातांनी छातीशी वर धरून ठेवले होते. बाईचा श्वास मला लागत होता. तो आधी भराभर येत होता, मग तोकडा तोकडा होत गेला. मी लोखंड आहे, मला मऊ होता येत नाही. जागचा न हलणारा म्हणून ज्याचे कौतुक झाले होते, तो मी आता एका बाईचा जीव घेत होतो. आणि मला साधे ओरडताही येत नव्हते.

हवालदारताईने पक्कड घेऊन तारा तटातटा तोडल्या. तिला वाटले, झाले. ती सांध्याखाली हात घालून मला वर उचलायला गेली. मी हललो नाही. बसचा ड्रायव्हर धावत आला, दोघांनी मिळून जोर लावला. आकडा कडीत आवळून बसला होता.

"मागे सरा!" ताई किंचाळली. "थोडं मागे सरा, उघडते मी!" शिट्टी फुंकून फुंकून तिचे गाल लाल झाले. पण तो आवाज पहिल्या चार रांगांतच विरला. मागे भोंगा ओरडतच होता, रिकामा करा, रिकामा करा.

"ताई, हिला तरी घ्या," बाई म्हणाली. आवाज कुठला, नुसता वाराच होता.

गजांतून टिकलीचे डोके मावेना. वर पत्रा. ड्रायव्हरने पत्र्याला हात घातला आणि त्याचा तळवा चिरला.

"वरून नाही येणार," ताई म्हणाली. "अहो, मागे द्या तिला! डोक्यांवरून मागे द्या!"

"मागे? मागे कुणाकडे देऊ? इथे मी कुणाला ओळखते?"

"कुणाकडेही द्या! इथे राहिली तर..."

बाईच्या शेजारून दोन हात वर आले. ते हात मी लगेच ओळखले. लाल टोपी कुठे पडली होती कोण जाणे, पण पकड तीच. माझ्या सोबत्याला समुद्रात भिरकावणारे हात. याला नको, बाई, याला नको, मी मनात आक्रोश करत होतो.

"काकू, द्या इकडे," तो म्हणाला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. "पाडणार नाही. आईशपथ नाही पाडणार."

बाईने त्याच्याकडे बघितले. मग लेकीच्या केसांवर तोंड टेकवले आणि हात सोडले.

त्याने टिकलीला डोक्यावर उचलले. "पोरगी येतेय!" तो ओरडला. "पोरगी येतेय, हात वर करा!" मागच्याने हात वर केले. तिला घेऊन त्याच्या मागच्याकडे दिले. "पोरगी येतेय! सांभाळा!" शब्द तिच्या पुढे पुढे पळू लागला. जे शिट्टी ऐकत नव्हते, भोंगाच ऐकत होते, ते हे ऐकू लागले. डोक्यावरून एक पिवळा झगा येताना दिसला की माणूस काय करतो? ढकलणे थांबवतो आणि हात वर करतो. ती नीट घेता यावी म्हणून जागा करतो. एक रांग मागे सरली, मग तिच्या मागची. बोळाच्या पार टोकापर्यंत हातच हात झाले.

माझ्या अंगावरचा दाब टिचभर सैल झाला.

"आता!" ताई ओरडली. ड्रायव्हरने रक्ताळलेल्या हाताने मला उचलले. आकडा कडीतून खळकन सुटला आणि मी दारासारखा फिरून भिंतीला जाऊन लागलो.

माणसे बाहेर पडू लागली. कुणी रडत, कुणी लंगडत, कुणाची बरगडी दुखावलेली, कुणाचा हात लुळा. जीव मात्र कुणाचा गेला नाही. बाई तिथून हलली नाही. तिने माझा एक गज घट्ट धरला होता. ड्रायव्हरने पाणी पुढे केले, ते तिने घेतले नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे ती बघत होती आणि प्रत्येकाचे हात रिकामे होते. तो तरुण बाहेर आला, तसे तिने त्याचा सदरा धरला.

"कुठे आहे ती?"

"मी मागे दिली, काकू. पुढं... पुढं नाही माहीत." आणि तो एवढा दांडगा गडी रस्त्यात उकिडवा बसून ढसाढसा रडू लागला.

बोळ रिकामा झाला. खाली नुसत्या चपला, फुटके चष्मे, एक फुगवलेली रबरी चकती. बाईच्या तळहाताचा घाम माझ्या गजावरून ओघळत होता. इतकी भीती मला वेल्डरच्या ठिणग्यांची वाटली नव्हती, समुद्राची वाटली नव्हती.

आणि मग बोळाच्या खालच्या टोकाला मला ती दिसली. एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसलेली. शेवटी ती त्याच्या हातात आली होती. सगळे पळाले तरी तो जागचा हलला नव्हता. आई शोधत इथेच येईल, म्हणून तिला उंच धरून भिजल्या विजारीत तसाच उभा राहिला होता.

बाई धावली. मी इथूनच ऐकले.

"आई," टिकली म्हणाली, "मी कित्ती उडले! तू का नाही आलीस?"

मित्रांनो, त्या दिवशी मी मधोमध वाकलो. मला गोदामामागे टाकून दिले तेव्हा मला वाटले, सुटलो एकदाचा. पण आज सकाळी हातोडा घालून मला सरळ केले. पुन्हा मोठी सुट्टी येते आहे. मुकादम म्हणत होता, तोच बोळ, तोच पत्रा, आणि यंदा तार दुप्पट. मुकादमाला तरी बोल कसा लावू? गेल्या वर्षीच्या काचा त्यानेच वेचल्या होत्या. पण माझा अख्खा दिवस कापऱ्या अंगाने गेला आहे.

मला पाय नाहीत, मी बाजूला होऊ शकत नाही. मला तोंड नाही, मी मागच्या माणसाला हाक मारू शकत नाही. मी कुठे उभे राहायचे आणि मला कुणी, केव्हा उघडायचे, हे सारे तुम्ही माणसांनी ठरवायचे असते. ते नीट ठरवा. आणि गर्दीत मागे असाल, तर पुढे काय अडले आहे ते दिसत नसताना ढकलू नका. तिथे कुणाचा तरी गाल माझ्या गजांवर असतो.

उद्या मला त्या बोळात नेणार आहेत. तुम्ही येणार असाल, तर हळू या.