सह्या मागे घ्यायला

वासुदेवराव विमा कंपनीत स्टेनो होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांचं इंग्रजी कुणाला ना कुणाला लागायचंच. पेन्शनचा अर्ज असो की पाण्याच्या बिलाची तक्रार, त्या कानडी शहरातल्या चामराजपेटेतली मराठी घरं कागद घेऊन त्यांच्याच दारात यायची. २०२३ च्या एप्रिलमध्ये समलिंगी विवाहाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात सुनावणीला आलं आणि तिथल्या मराठी समाजाच्या मंडळाने कोर्टाला विरोधाचं पत्र पाठवायचं ठरवलं, तेव्हा ते लिहायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं.

त्यांचं स्वतःचं या विषयावर फारसं काही मत नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष रघुनंदन यांनी चार मुद्दे सांगितले, वासुदेवरावांनी त्यांचं दीड पान केलं. ‘निसर्गाच्या विरुद्ध’, ‘कुटुंबसंस्थेचा पाया’ असं सगळं त्यात आलं. मजकूर बांधेसूद झाला म्हणून ते खूशच होते.

सह्यांची सुरुवात त्यांनी घरापासून केली. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी भार्गवी, दोघंच. भार्गवी अडतीस वर्षांची. बोम्मसंद्र्याच्या एका औषधांच्या कारखान्यात माल तपासायच्या विभागात होती. लग्नाचा विषय काढला की उठून जायची, म्हणून त्यांनी तो काढणं सोडून दिलं होतं. शनिवार-रविवार ती शहरातच मारतहळ्ळीला क्षमाकडे राहायची. क्षमा नागपूरची, आयटीत नोकरीला. नऊ वर्षं त्या दोघी एकमेकींच्या होत्या. क्षमाच्या ऑफिसात हे ठाऊक होतं, नागपुरात तिच्या आईलाही ठाऊक होतं. वासुदेवरावांना नव्हतं. त्यांच्या लेखी क्षमा म्हणजे लेकीची मैत्रीण, मोबाइलवरची अक्षरं मोठी करून देणारी, त्यांच्या हातचा सार-भात दोनदा मागून घेणारी.

भार्गवीची सही त्यांनी सकाळी पावणेसहाला घेतली. कंपनीची बस यायची वेळ झाली होती. ती चपला घालत असताना त्यांनी कागद पुढे केला. तिने उभ्याउभ्याच पूर्ण वाचला.

“अण्णा, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. बरं उतरलंय ना?”

तिने दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली आणि गेली. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि ते सांगायला तिच्याकडे फक्त बस येईपर्यंतचा वेळ होता. असं तिने नंतर क्षमाला सांगितलं. सांगतानाच तिला ते कारण खोटं वाटलं.

पुढच्या रविवारी क्षमा जेवायला आली. तोवर सत्तर-पंच्याहत्तर सह्या जमल्या होत्या. जेवणं झाल्यावर वासुदेवरावांनी तिच्याहीपुढे कागद ठेवला. तूही मराठीच, आपल्यातलीच, असं म्हणाले. भार्गवी तेव्हा आत ताटं घासत होती. क्षमाने पहिलं पान वाचलं, उलटलं, सह्यांवरून नजर फिरवली. पहिली सही वासुदेवरावांची होती, दुसरी भार्गवीची. बराच वेळ ती तिथेच बघत राहिली.

“काका, मी इथली मतदार नाही,” ती म्हणाली आणि कागद नीट घडीवर घडी घालून परत दिला.

मतदार असायची गरज नाही, हे त्यांना तिला समजावून सांगायचं होतं. पण तिने पर्स उचलली होती.

ती तेव्हाच सोडून गेली नाही. सहा महिने दोघींनी कसेबसे ढकलले. भांडण असं झालंच नाही. भार्गवी माफी मागायची, क्षमा ठीक आहे म्हणायची, आणि दोघी टीव्ही लावून बसायच्या. कोर्टाचा निकाल ऑक्टोबरमध्ये आला. लग्नाचा हक्क देता येत नाही, ते संसदेचं काम, असं न्यायाधीशांनी सांगितलं. क्षमाच्या कंपनीत नेदरलँड्सच्या जागेसाठी अर्ज मागवले होते. तिने त्याच आठवड्यात अर्ज केला.

“कोर्टाचं मला एवढं लागलं नाही,” डिसेंबरात तिकडे जायला निघताना ती भार्गवीला म्हणाली. “ते पाच न्यायाधीश मला ओळखत नाहीत.”

जानेवारीपासून भार्गवी कामावर जाईनाशी झाली. आधी ताप म्हणाली, मग पाठ म्हणाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. वासुदेवराव ताट नेऊन ठेवायचे आणि तसंच उचलून आणायचे. एकदा ते तिच्या पायाशी बसले आणि क्षमाला फोन करू का, ती आली तर तुला बरं वाटेल, असं म्हणाले.

भार्गवी उठून बसली. “अण्णा, क्षमा माझी मैत्रीण नव्हती,” ती म्हणाली. “तुम्ही त्या पत्रात लिहिलंय ना, ते आम्ही होतो.”

मग तिने सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात. वासुदेवराव ऐकत राहिले. मध्ये ते एकदा उठले, पंखा बंद केला, पुन्हा लावला. तिचं सांगून झाल्यावर काही तरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं. पण त्या विषयावर त्यांच्याजवळ जे शब्द होते ते सगळे त्या दीड पानात खर्च झाले होते.

आठ दिवसांनी त्यांनी पत्राची झेरॉक्स शोधून काढली. दोनशे चौदा सह्या होत्या. त्यांनी एक नवा मजकूर टाइप केला. आधीच्या पत्रावरची आमची सही आम्ही मागे घेत आहोत, एवढाच. तो घेऊन ते घरोघर निघाले. लोक वाद घालतील, हसतील, मुलीबद्दल विचारतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. मुलीबद्दल खरं ते सांगायचं, असंही ठरवलं होतं.

पहिलं घर मागच्या गल्लीतल्या सुचेताचं. तिच्या घरच्या पाच सह्या होत्या. तिने चष्मासुद्धा शोधला नाही. कुठे करायची, एवढंच विचारलं.

“अगं, कशावर करतेयस ते वाच तरी.”

“तेव्हाही कुठे वाचलं होतं, वासुदेवअण्णा? तुम्ही आलात, म्हटलं काही चांगलंच काम असेल,” सुचेता म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “माझ्या नातीच्या ऑफिसात आहेत असे दोघं. चांगले आहेत म्हणते. करू देत की लग्न, आपलं काय जातंय?”

जवळपास सगळीकडे हेच झालं. कुणी सही आठवतच नाही म्हणालं, कुणी कॉफी पुढे केली, कुणी कानडीत ‘सरी सरी’, बरं बरं, म्हणत उभ्याउभ्याच पेन चालवलं. तीन आठवड्यांत एकशे एकतीस जणांनी सही मागे घेतली; बाकीचे गावी गेलेले किंवा घर बदललेले, ते भेटलेच नाहीत. भार्गवीचं नाव निघालं नाही, कारण कुणी कारणच विचारलं नाही. एकेक घर सुटत गेलं तसे वासुदेवराव खचत गेले. कुणी दार लावून घेतलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर निदान भिंत होती असं म्हणता आलं असतं. ज्याच्यापायी लेकीचं घर मोडलं ते कुणाचंच मत नव्हतं. त्यांचंसुद्धा नव्हतं.

एकटे रघुनंदन नाही म्हणाले. त्यांनी नवा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला. “मी तेव्हा वाचून सही केली होती,” ते म्हणाले, “आताही वाचूनच नाही म्हणतोय.” वासुदेवरावांना त्यांचा राग आला नाही.

तो कागद त्यांनी भार्गवीला दाखवला. ती तेव्हा पुन्हा थोडं खाऊ लागली होती. तिने नावं वाचली. खाली तिच्यासाठी जागा सोडलेली होती. तिथे तिने बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

“मी नाही करणार.”

“का गं?”

“तुम्हाला माहीत नव्हतं. या लोकांनाही माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं, अण्णा.”

त्यांनी कागद दिल्लीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर आलं नाही. एकदा धीर करून त्यांनी क्षमालाही फोन लावला. ती नीट बोलली, तब्येत विचारली, गुडघ्यांचं विचारलं. एकशे एकतीसचा आकडा ऐकून चांगलं झालं म्हणाली. मग म्हणाली, “पण काका, मी त्यांच्यामुळे गेले नव्हते.”

भार्गवी मे महिन्यात कामावर परत गेली आणि जून लागताच तिने कारखान्याजवळ एक खोली घेतली. जाण्या-येण्यात तीन तास मोडतात, असं कारण दिलं. वासुदेवरावांनी तिच्या पेट्या उतरवायला मदत केली. राहा असं ते म्हणाले नाहीत. म्हणायचा हक्क त्यांना आपल्याकडे दिसला नाही.

पुढच्या जानेवारीत फेरविचाराचे अर्जही फेटाळल्याची बातमी आली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाने याच विषयावर चर्चा ठेवली. पुण्याहून, मुंबईहून आयटीत आलेली तरुण मंडळी बोलली. शेवटी असा लग्नाचा हक्क हवा म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर झाले. लोकांनी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या, मग प्रसादाची रांग लागली. मत बदलायला सुरुवात वासुदेवरावांनी केली, म्हणून त्यांना माइकवर बोलावलं. त्यांनी हात जोडले आणि बसल्या जागीच राहिले.

भार्गवी महिन्यातून दोन रविवार येते. दिवाळीनंतरच्या रविवारी जेवताना तिने सांगितलं, की क्षमाचं लग्न झालं. तिकडचीच कुणी आहे, शाळेत शिकवते.

“फोटो आहे?” त्यांनी विचारलं.

तिने मोबाइल पुढे केला. नगरपालिकेसारख्या कुठल्याशा इमारतीच्या पायऱ्यांवर क्षमा उभी होती, निळ्या साडीत, वर कोट घातलेला. शेजारी एक उंच बाई, दोघींचे केस वाऱ्याने विस्कटलेले. मागे चार-पाच माणसं हसत होती.

“बरी दिसतेय,” वासुदेवराव म्हणाले.

“हो.”

त्यांनी तिला आणखी भात वाढला. तिने नको म्हटलं नाही, पण खाल्लाही नाही. दोन वाजता ती निघाली. बस मिळाल्याचा मेसेज तिने नेहमीसारखा केला. तो वाचून त्यांनी तिचं ताट उचललं.